चाळीस मिनिटांचं ठिगळ

ते भोक मी पहिल्यांदा माझ्याच हातांनी उघडून पाहिलं. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. ऑफिसातले सगळे डबे घेऊन मागच्या व्हरांड्यात बसले होते आणि मी एकटीच सर्व्हरच्या खोलीत होते. देवरी केंद्रातल्या ऑपरेटरला आम्ही जे लॉगिन दिलं होतं, ते वापरून मी आत शिरले. त्या लॉगिनला फक्त देवरी केंद्राच्या लोकांची माहिती दिसायला हवी, तीही कार्डाचा नंबर टाकला तर, एकेकाची. मी इंटरनेटवरून कागदावर उतरवून आणलेल्या चार ओळी टाइप केल्या. पाचव्यांदा एंटर दाबलं आणि सगळा जिल्हा पडद्यावर आला. गाव, नाव, बापाचं नाव, वय, रक्ताचा निकाल. नावं वर सरकत राहिली, संपेचनात. मी घाबरून मॉनिटरचं बटण बंद केलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं तरी.

हे दोन हजार सात-आठ सालातलं. मी तेव्हा गोंदियाला एका संस्थेच्या सिकलसेल प्रकल्पात डेटाबेस सांभाळायचे. आमच्या भागात हा रक्ताचा आजार पुष्कळ. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, हातापायांचे सांधे असे ठणकतात की धडधाकट दिसणारं पोर जमिनीवर लोळतं. पण हा आजार कुणाला होतो तर आई आणि बाप दोघांकडूनही तो दोष आला त्याला. एकाकडूनच आला तर तो माणूस नुसता वाहक. त्याला काही होत नाही, तो शेती करतो, नांगर धरतो, म्हातारा होतो. फक्त दोन वाहकांचं लग्न झालं तर त्यांच्या मुलांना धोका. म्हणून लग्नाआधीच तरुण पोरापोरींचं रक्त तपासायचं, ज्याच्या त्याच्या हातात कार्ड द्यायचं आणि पुढचं ज्याचं त्यानं ठरवायचं, असं आमचं काम होतं. वाहकाला पिवळं कार्ड, आजार असलेल्याला लाल, काहीच नसलेल्याला पांढरं.

गावोगावच्या शिबिरांतली माहिती सहा केंद्रांवर भरली जायची आणि टेलिफोनच्या लाइनीवरून गोंदियाच्या सर्व्हरवर यायची. सर्व्हरवरचं डेटाबेस सॉफ्टवेअर एका मोठ्या परदेशी कंपनीचं. बँका, कारखाने वापरतात तसलं. त्यावर नागपूरच्या एका कंपनीनं आमच्यासाठी ॲप्लिकेशन बनवून दिलं होतं. मी नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली, तिथं शिकवलं त्याच्या दसपट मी या मशीनपाशी बसून शिकले. डेटाबेसची परदेशी कंपनी दर तीन महिन्यांनी एक पॅच काढायची. पॅच म्हणजे ठिगळच. सॉफ्टवेअरमध्ये कुठे कुठे भोकं सापडली ते सांगायचं आणि ती बुजवायची फाइल द्यायची. कंपनी मोघम लिहायची, पण भोक कसं उघडायचं ते जगात कुणीतरी आठवड्याभरात इंटरनेटवर लिहून मोकळं व्हायचं. ज्याला वाचता येतं त्याला ते करता येत होतं. मला आलं, तर कुणालाही आलं असतं.

मी सरांकडे गेले. आमचे सर म्हणजे निवृत्त डॉक्टर, प्रकल्पाचे प्रमुख. खेड्यापाड्यांत आयुष्य घालवलेला माणूस, मनानं फार चांगला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आपल्या केंद्रातला ऑपरेटर सगळ्यांचे निकाल पाहू शकतो?"

"हो सर. ऑपरेटरचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल तो कुणीही. आणि पाहून झाल्यावर आपली नोंदही पुसू शकतो."

"पण मॅडम, सालेकसा-देवरीत बसून हे कोण टाइप करणार आहे?"

कोण करणार, ते मला कुठे माहीत होतं?

"ठिगळ आहे ना त्याला?" सरांनी विचारलं. "मग लावून टाका."

तिथेच सगळं अडलं. ती फाइल उतरवून घ्यायला परदेशी कंपनीशी सपोर्टचा करार चालू असावा लागतो. आमचा पहिल्या वर्षानंतर संपला होता आणि कुणी वाढवला नव्हता. तो वाढवायचा तर नागपूरच्या मुख्य कार्यालयाची मंजुरी हवी. मी टिपण लिहिलं, सरांनी सही केली, कागद नागपूरला गेला. दरम्यान मी ॲप्लिकेशनवाल्या कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला.

"मैडम, वो पैच हमारे ॲप्लिकेशन पे टेस्ट नहीं हुआ है," तो म्हणाला. "डालोगे और कुछ बंद पड़ गया, तो हमारी जिम्मेदारी नहीं।"

"मग तुम्ही टेस्ट करा ना."

"उसके लिए आपके ऑफिस का लेटर लगेगा।"

पत्र दिलं. पत्राला उत्तर आलं की आधी सपोर्टचा करार दाखवा. मुख्य कार्यालयानं विचारलं की ॲप्लिकेशन कंपनीनं पॅच चालेल असं लिहून दिलं आहे का. ही दोन पत्रं पुढे चार-पाच महिने एकमेकांकडे बोट दाखवत फिरत राहिली आणि मी दर सोमवारी दोन्हीकडे फोन करत राहिले. माझा आवाज ऐकला की तिकडची मुलगी आधीच म्हणायची, "मॅडम, फाइल टेबलावर आहे."

मी हातावर हात धरून बसले नव्हते, एवढं मला अजूनही सांगावंसं वाटतं. सॉफ्टवेअरच्या ज्या तुकड्यात ते भोक होतं, तो वापरायची परवानगी मी सगळ्या केंद्रांची काढून घेतली. अर्ध्या तासात आमगावहून फोन आला, नवीन नाव भरायचा फॉर्मच उघडत नाही. नागपूरवाल्यांचं ॲप्लिकेशन नेमका तोच तुकडा वापरत होतं. मी परवानगी परत दिली. पासवर्ड बदलले. आठवड्याभरात एका केंद्रात नवा पासवर्ड खडूनं भिंतीवर लिहिलेला होता, कारण ऑपरेटर सुट्टीवर गेला तर दुसऱ्याला सापडायला हवा.

एकदा तर मी सकाळी येऊन सर्व्हरची केबलच उपटून टाकली. मनात म्हटलं, कुणाला काही दिसायलाच नको. दुपारपर्यंत ठीक चाललं. मग देवरी केंद्रातल्या सिस्टरचा फोन आला. ही सिस्टर आमच्यातली सगळ्यात जुनी, देवरी तालुक्यातलं एकेक घर ओळखणारी.

"मॅडम, कम्प्युटर काऊन बंद करून ठेवला तुमी? लाल कार्डवाली पोरगी आणली आहे, दुखण्यानं तडफडून राहिली. मागच्या खेपेले कोन्तं रक्त देलं, काय रिअॅक्शन आली, ते पाह्याचं आहे मले. माय तं नुसती रडून राहिली, तिले काही सांगता येत नाही."

मी पळत जाऊन केबल जोडली. सिस्टरनं माहिती पाहिली, गाडी केली, पोरीला गोंदियाला पाठवलं. पोर वाचली. त्यानंतर मी केबलला हात लावला नाही.

उन्हाळा लागला. लग्नसराईचे दिवस. सिस्टरचाच फोन आला, पण या वेळी ती हळू आवाजात बोलत होती. देवरीच्या बाजारात एक यादी फिरते आहे म्हणाली. झेरॉक्सचे कागद. गाववार पोरींची नावं आणि पुढे लिहिलेलं, पॉझिटिव्ह.

"आपलीच आहे का?" मी विचारलं.

"मले काय समजते त्यातलं? पन नावं आपल्याच शिबिरातली आहेत. सोयरिकी जुळवनाऱ्यायच्या खिशात आहे ती. पोरगी पाह्याले जायच्या आंधी लोक त्यात नाव पाहून राहिले."

दोन दिवसांनी तिनं एक कागद पाठवला. पाहताक्षणी ओळखलं. रकान्यांचा क्रम माझा होता. गावाच्या नावातली एक चूक, जी मी सहा महिन्यांपूर्वी सुधारली होती, ती त्यात सुधारलेली होती. म्हणजे यादी जुनी नव्हती, अलीकडची होती. फक्त पोरींची निवडून काढलेली. आणि ज्या तक्त्यातून काढली, तो होता पहिल्या चाचणीचा. पहिल्या चाचणीत रक्तात दोष आहे का एवढंच कळतं. वाहक की आजारी, ते दुसऱ्या चाचणीत कळतं आणि ते वेगळ्या तक्त्यात होतं. ज्यानं कुणी यादी काढली, त्याला एवढं समजलं नव्हतं, किंवा समजून घ्यायची गरज वाटली नव्हती. त्या कागदावर सगळ्या पोरी सारख्याच आजारी होत्या.

त्याच आठवड्यात देवरीकडच्या एका गावातून बाप आणि मुलगी ऑफिसात आले. बाप शेतकरी, तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलात जाणारा. मुलगी वीस-एकवीसची, बारावी झालेली. सर बाहेरगावी होते, म्हणून शिपायानं त्यांना माझ्याकडे आणलं. बापानं खिशातून चौघडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे काय होय? पोरीचं नाव काऊन आहे यात?"

मी कागद उचलला नाही. मला तो पाठ होता.

"सोयरीक पक्की झाली होती," बाप म्हणाला. "साखरपुडा झाला. आता ते लोक म्हनतेत, बिमारीवाली पोरगी नाही पाह्यजे."

मुलगी पुढे झाली. तिनं पर्समधून पिवळं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

"मले बिमारी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "तू वाहक आहेस. तुला काही होणार नाही."

"तुमी शिबिरात असंच सांगतलं होतं. मंग इथं पॉझिटिव्ह काऊन लिवलं?"

मी तिला दोन चाचण्यांचा फरक समजावला. ती हुशार होती, तिला लगेच कळलं. म्हणूनच तिचा पुढचा प्रश्न फार अवघड होता.

"हे तुमच्या मशिनातून निघालं ना?"

सरांना न विचारता हो म्हणायची मला परवानगी नव्हती आणि नाही म्हणायला तोंड उघडेना. मी म्हटलं, "आम्ही पाहतो आहोत."

"माहं नाव काढून टाका त्यातून."

"कॉम्प्युटरमधून काढता येईल..."

"आन् कागदातून?" ती म्हणाली. "किती झेरॉक्सा झाल्या, तुमाले मालूम आहे?"

बाप उठला. त्यानं मला हात जोडले. त्याचं मला आजही नवल वाटतं, आणि राग केला असता तर बरं झालं असतं असंही वाटतं. दारात तो मुलीला म्हणाला, "चाल माय, मॅडम तरी काय करतीन?"

ती दोघं गेल्यावर मी एक गोष्ट केली, जी नियमानं करायला नको होती. सोयरीक मोडलेल्या मुलाचं नाव बापानं बोलता बोलता सांगितलं होतं. मुलगा सडक अर्जुनीकडचा. मी माझ्या मुख्य लॉगिननं त्याचं नाव शोधलं. कॉलेजच्या शिबिरात त्याची तपासणी झाली होती. निकाल स्वच्छ होता, पांढरं कार्ड. म्हणजे या दोघांचं लग्न झालं असतं तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार होऊ शकला नसता. मी जे केलं ते त्या यादीवाल्यापेक्षा किती वेगळं होतं, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. पुढे पडला.

मी सिस्टरला घेऊन मुलाच्या गावी गेले. घर धान्यानं भरलेलं, ओसरीवर खाटा टाकलेल्या. मुलाच्या बापानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मी म्हटलं, तुमच्या मुलाचं कार्ड असेल तर आणा. तो आत जाऊन घेऊन आला. पांढरं. मग मी कागदावर गोल काढून सगळं समजावलं. आईकडून काय येतं, बापाकडून काय येतं, या दोघांच्या मुलांना का होणार नाही. सिस्टरनं त्यांच्या बोलीत पुन्हा सांगितलं. मुलाचा बाप मधे मधे बरोबर प्रश्न विचारत होता. मला वाटलं, जमलं.

शेवटी तो म्हणाला, "तुमी शिकलेल्या आहा मॅडम. तुमी म्हनता तेच खरं असन. मले समजलंही. पन आता गावभर झालं ना. मी कोनाकोनाले रक्त समजावून सांगू?"

मी मुलाकडे पाहिलं. तो बापाकडे पाहत होता. चहा आला. आम्ही प्यायलो आणि निघालो. बसस्टॉपवर सिस्टर म्हणाली, "कायले आलो आपन?" आणि मग माझा चेहरा पाहून तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग चौकशी झाली. नागपूरच्या मुख्य कार्यालयातून दोघं जण आले, एक वयस्कर बाई आणि एक कायद्याचा माणूस. त्यांनी सरांची खोली घेतली आणि एकेकाला बोलावलं.

"सॉफ्टवेअरमध्ये अशी त्रुटी आहे, हे ऑफिसात कुणाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"मला. सरांना मी सांगितलं होतं. तुम्हालाही लिहिलं होतं, फाइलवर सगळी पत्रं आहेत."

"पत्रं आम्ही पाहिली. ती त्रुटी कशी वापरायची, हे कुणाला माहीत होतं?"

"मला," मी म्हटलं.

कायद्याच्या माणसानं एक प्रिंट माझ्यासमोर सरकवली. सर्व्हरच्या नोंदवहीचं पान होतं. देवरीचं लॉगिन गोंदियाच्या कॉम्प्युटरवरून, दुपारच्या सुट्टीत, त्या चार ओळी. तेवढी एकच नोंद सापडली होती. ज्यानं खरंच यादी काढली, त्यानं आपली खूण पुसली होती. मी पुसली नव्हती, कारण मला लपवायचं काहीच नव्हतं.

"ते मी तपासून पाहत होते," मी म्हटलं. "त्याच दिवशी सरांना सांगितलं."

सरांनी माझ्या बाजूनं साक्ष दिली. ठामपणे दिली, हे खरं. माझ्यावर काही सिद्ध झालं नाही. कुणावरच झालं नाही. अहवालात लिहिलं की माहिती बाहेर जाण्याचा स्रोत निश्चित करता आला नाही, आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांनी अधिक दक्षता बाळगायला हवी होती. तांत्रिक कर्मचारी त्या ऑफिसात मी एकटीच होते. सहकारी पूर्वीसारखेच बोलायचे, पण मी कुणाच्या कॉम्प्युटरपाशी गेले की बोलता बोलता पडद्यावरचं खाली करायचे. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती एकदा आमच्या पोवारी बोलीत विचारून गेली, बाई, जेवण का जात नाही तुला आजकाल, आणि मी उन्हावर ढकललं.

अहवालानंतर पंधरा दिवसांत करार झाला. इतक्या महिन्यांची फाइल पंधरा दिवसांत. नागपूरचा इंजिनियर सकाळच्या गाडीनं सीडी घेऊन आला. फोनवरच्या आवाजावरून मला तो मोठा वाटला होता, प्रत्यक्षात माझ्याच वयाचा निघाला. आम्ही आधी सगळ्या माहितीची प्रत काढून ठेवली, डेटाबेस थांबवला आणि पॅच चालवला. पडद्यावर ओळी सरकत होत्या, तो नाश्ता न करता आलेला म्हणून मी त्याला पोहे मागवले. पोहे खाऊन हात धुवून येईपर्यंत काम झालं होतं. सुरू करायला लागला तो वेळ धरून चाळीस मिनिटं. ॲप्लिकेशन बंद पडलं नाही. एका रिपोर्टचा समास थोडा सरकला, तेवढंच.

मी देवरीच्या लॉगिननं त्याच चार ओळी टाइप केल्या. मशीननं सांगितलं, परवानगी नाही.

"हो गया मैडम," तो म्हणाला. "टेन्शन खतम।"

मी त्याच्या कामाच्या कागदावर सही करून दिली. त्याची तरी काय चूक होती? त्यालाही वरून पत्र लागत होतं.

त्या मुलीचं लग्न दोन वर्षांनी झालं. सीमेपलीकडे, छत्तीसगडमध्ये, जिथं आमची यादी पोचली नव्हती. सिस्टरनं मला सांगितलं. लग्नाच्या आठ दिवस आधी मुलगी केंद्रात आली आणि आपलं पिवळं कार्ड सिस्टरच्या टेबलावर ठेवून म्हणाली, हे तुमच्यापाशीच ठेवा. सिस्टर म्हणाली, अगं, नवऱ्याला तर सांग, त्याचं रक्त तपासून घे, तो वाहक निघाला तर लेकरांचं काय? मुलगी म्हणाली, "एकडाव सांगून पाह्यलं ना." आणि निघून गेली. नवऱ्याचं रक्त कुणी तपासलं की नाही, मुलं झाली का, कशी आहेत, यातलं मला काही माहीत नाही. ती आमच्या केंद्राच्या हद्दीबाहेर गेली.

मी त्या प्रकल्पात आणखी तीन वर्षं होते. दर तिमाहीला न चुकता पॅच लागत होता. पासवर्ड भिंतीवरून गेले. कुठल्याही लॉगिननं काय पाहिलं याची नोंद आता दुसऱ्या मशीनवर जायची, पुसता येत नव्हती. काम म्हणून पाहिलं तर माझं काम आता चोख होतं.

पण शिबिरं ओस पडायला लागली. चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या एका गावात आम्ही शाळेच्या वर्गात टेबल मांडून बसलो होतो. भाताच्या रोवणीला अजून वेळ होता, माणसं गावातच होती, तरी वर्ग जवळजवळ रिकामा. दुपारी सरपंचबाईंनी सांगावा धाडल्यावर काही बाया आपल्या पोरींना घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. सिस्टरनं सुई, कापूस, काचपट्टी मांडली. एका बाईनं आत न येता मला विचारलं, "नाव कम्प्युटरात टाकता का तुमी?"

खोटं बोलले असते तर कदाचित सगळ्या आत आल्या असत्या. मी म्हटलं, "टाकावं लागतं. पण आता ते कुणाला दिसत नाही. आम्ही पक्का बंदोबस्त केला आहे."

"पह्यलेही असंच सांगत होते," ती शांतपणे म्हणाली आणि मुलीचा हात धरून वळली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. सिस्टर उघडलेली सुई हातात धरून बसली होती. संध्याकाळी सामान आवरताना मी वही पाहिली. त्या दिवशी अकरा जणांनी बोट पुढे केलं होतं, आणि त्यातले नऊ मुलगे होते.